शेऱ्याचा रकाना

“एक हात, सात बोटं. जपून.”

हा आवाज थांबल्याला एकोणीस वर्षं झाली होती. तरी सकाळी तळ्याच्या पायरीवर पाऊल ठेवलं, की आधी तो यायचा आणि मग तळपायाला दगडाचा गारवा कळायचा.

तिचे वडील तळ्याचे मोजणीदार होते. उजाडताना तिसऱ्या पायरीवर उकिडवे बसायचे, पाण्यात उभ्या दगडी खांबाकडे डोळे बारीक करून बघायचे, मग गुडघ्यांवर हात टेकून उठायचे आणि वस्तीकडे तोंड करून ओरडायचे. आधी आकडा, मागून एक शब्द. तळं भरलेलं असलं की ‘निवांत’. उतरायला लागलं की ‘मोजून’. आणि खांबाच्या पोटाशी पाणी आलं की ‘जपून’. आकडा कुणाच्या लक्षात राहत नसे, शब्द राही. ‘जपून’ कानावर आलं की बायका भांडी एकाच पाण्यात विसळायच्या, आणि मळ्यातला माणूस आपला पाट आपल्या हाताने बांधून टाकायचा. कुणाला सांगायला जावं लागायचं नाही.

आता ते काम तिच्याकडे होतं, पण ओरडायचं काम उरलं नव्हतं. पालिकेने पर्यावरण व्यवस्थापन पद्धत आणली, तेव्हापासून वही आली होती. वहीत तारीख, वेळ, आकडा, सही. शेवटी एक अरुंद रकाना. त्याच्या माथ्यावर ‘शेरा’ छापलेलं. कारकुनाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “तिथे ‘निरंक’ लिहायचं. रोज. डोकं चालवायचं नाही.”

त्या सोमवारी पट्टीवर पाणी एकशे सत्तरला टेकलं होतं. दगडी खांब गेल्या वर्षी काढला होता. त्याच्या जागी सिमेंटचा खांब आणि त्यावर पांढरी पत्र्याची पट्टी, सेंटिमीटरचे काळे आकडे. एकशे वीसवर लाल रेघ. तळ्याला दोन दारं, पहिलं पिण्याच्या पाइपाचं. पाणी रेघेच्या वर असलं तर दुसरंही उघडं ठेवायचं. त्या दाराचं पाणी खालच्या वीस भाजीमळ्यांना जायचं. रेघेच्या खाली गेलं की ते दार बंद. मग उरलेलं सगळं पिण्याच्या पाइपाला.

एकशे सत्तर म्हणजे चांगलंच होतं. रेघ अजून लांब होती. तिने आकडा लिहिला, ‘निरंक’ लिहिलं, पेन वहीत घातलं. उठताना तिची नजर खाली गेली आणि ती तशीच अर्धवट वाकून राहिली.

सातवी पायरी उघडी पडली होती.

शेवाळ अजून ओलं होतं, हिरवंगार, काल-परवाच पाण्याबाहेर आल्यासारखं. दोन गोगलगायी त्याला चिकटलेल्या. सातवी पायरी दिसली की वडील ‘जपून’ म्हणायचे. आकडा बघायच्या आधी म्हणायचे.

तिने पुन्हा पट्टीकडे बघितलं. एकशे सत्तर. पुन्हा पायरीकडे. पट्टी म्हणत होती निवांत. पायरी म्हणत होती जपून. दोघींपैकी एक खोटी होती, आणि पायरी तर कुणी हलवली नव्हती.

*

पालिकेच्या कचेरीत भिंतभर फळा होता. कचरा, धूर, झाडं, पाणी असे चार चौकोन, आणि प्रत्येकात एक गोल चकती. चारही हिरव्या. शनिवारी तपासणी होती. वरून तपासनीस येणार, सगळं बघणार आणि मग पालिकेला प्रमाणपत्र मिळणार. त्यामुळे कारकून आठवडाभर इस्त्रीच्या कपड्यांत होता.

“मोजणीबाई, वही ठेवा आणि मोकळ्या व्हा,” तो मान वर न करता म्हणाला.

“सातवी पायरी उघडी पडलीये.”

“कशाची?”

“तळ्याची. सातवी उघडी पडली की पाणी जपायला लागतं. माझे वडील—”

“बाई,” कारकुनाने टोपण लावलं, “आपल्याकडे नमुना क्रमांक चार आहे. तो पट्टीचा. पायरीचा नमुना आहे का?”

“नाही.”

“मग पायरी मी कुठे चिकटवू? कपाळाला?”

बाकावर दाखला न्यायला बसलेली दोन माणसं हसली. तीही थोडी हसली, कारण हसलं नाही तर आणखी वाईट दिसलं असतं.

“पट्टीत काही चूक असेल तर ते लिहायला कागद असतो ना?” तिने विचारलं. प्रशिक्षणाच्या दिवशी सांगितलेलं तिच्या लक्षात होतं.

कारकुनाने खण उघडला. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक जाडसर वही होती. ‘तफावत नोंद’. शिलाईसुद्धा ताणलेली नव्हती. “ही का? बघा, कशी नवरीसारखी ठेवलीये. दोन वर्षं झाली, एक पान खराब नाही. हेच तर आपलं यश आहे.” त्याने खण ढकलला. “तुमचं काम आकडा वाचायचं. अर्थ लावायला वरती माणसं बसवलीत.”

ती बाहेर आली. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. खालच्या मळ्यांकडे जाणारा पाट भरून वाहत होता, काठावरची माती चाटत. एरवी त्या आवाजाने तिला बरं वाटायचं. आज तो आवाज फुटलेल्या माठासारखा वाटला.

*

घरी सासूबाई काकडीच्या वेलांचे तणावे सोडवून आल्या होत्या. त्यांच्या नखांत हिरवं भरलं होतं. वीस मळ्यांतला एक मळा त्यांचा. अर्ध्या एकराहून लहान, पण त्या त्याला ‘माझं शेत’ म्हणायच्या आणि कुणी ‘वाफा’ म्हटलं तर दोन दिवस बोलायच्या नाहीत.

“फुलं लागली गं,” त्या म्हणाल्या. “पिवळी धमक. महिनाभर पाणी राहिलं ना, तर यंदा मी कुणाचं ऐकत नाही.”

“एरवी कुठे ऐकता?” नवरा दारातून म्हणाला.

तो गवंडी होता. पालिकेची बहुतेक कामं तोच करायचा. सध्या तळ्यापाशी, काठावर, फळ्यासाठी चौथरा बांधत होता. तपासणीच्या दिवशी फळा तिथे उभा करायचा होता. सिमेंटने त्याच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. आल्या आल्या तो हात पाण्यात बुडवायचा आणि वेदना सोसताना ओठ आत ओढून घ्यायचा.

“सावलीच्या वाटेने आलास वाटतं?” सासूबाई म्हणाल्या. “तळ्यावर काम करतो आणि घरी येतो शाळेला वळसा घालून. माझा मुलगा ऊन लागण्याएवढा नाजूक कधीपासून झाला?”

त्याने हात पाण्यात आणखी खोल बुडवले. तिच्याही मनात आलं, खरंच की. काम लागेपर्यंत वर्षभरात हा पायऱ्यांच्या बाजूला फिरकलाच नव्हता.

तिने तूप लावलेलं फडकं आणलं आणि त्याचं एक एक पेर पुसायला घेतला. “अहो,” ती हळू म्हणाली, “गेल्या वर्षी खांब बसवलात ना. त्याचा पाय पाइपाच्या तोंडाला जुळवला होतात?”

त्याचा हात तिच्या हातात जड झाला.

“तेव्हाच विचारलं होतंस.”

“होय. परत विचारतेय.”

“जुळवला म्हटलं होतं ना.” त्याने हात काढून घेतला. “जुळवला.”

जुन्या दगडाचं असं होतं: त्याचा पाय तळ्याच्या तळावर, आणि पिण्याच्या पाइपाचं तोंडही त्याच पातळीत. म्हणून वडील म्हणायचे, दगडाच्या पायाशी पाणी आलं की नळाला हवा येणार. नव्या पट्टीचं शून्यही तिथेच हवं होतं. तसं कागदावर होतं, आणि त्या कागदावर तिची सही होती. ‘पाहिले’ असं छापलेलं होतं आणि खाली तिचं नाव. पण ढग जमले होते, गाळ काढायचं यंत्र परत जायच्या घाईत होतं, आणि कारकून पायरीवर छत्री घेऊन उभा होता. तिने नवऱ्याकडे बघून विचारलं होतं, खूण जुळवली ना? तो म्हणाला होता, जुळवली. तिने सही केली होती. आपल्या माणसाचं काम खाली उतरून बघायचं, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

*

बुधवारी दुपारी तळ्यावर कुणी नसतं म्हणून ती बांबू घेऊन गेली. तरी धुणं आवरत बसलेली चाकवाल्याची बायको होतीच. चाकवाला म्हणजे दुसऱ्या दाराचं लोखंडी चाक फिरवणारा. त्याच्या बायकोला गावातली प्रत्येक गोष्ट गावाच्या आधी कळायची.

“अगं, मासे धरायला निघालीस का?”

“पाणी मोजायला.”

“पट्टी आहे की समोर. आंधळी झालीस?”

ती पाण्यात उतरली. कपडे फुगून वर आले, मग भिजून खाली बसले. चिखल बोटांमधून निसटत होता. पाणी कमरेपर्यंत आलं, आणि तिथेच राहिलं. चार पावलं, पाच पावलं, कमरेपर्यंतच. पट्टीपासून दोन हातांवर असताना पायाखालची जमीन एकदम गेली. ती डोक्यासकट बुडाली. तोंडात पाणी गेलं. काठावरून हसू आलं. तिने खांबाला मिठी मारली आणि तशीच लटकत राहिली.

मग तिने बांबू खाली सोडला. खांबापाशी एकशे सहासष्ट. पट्टीवरही एकशे सहासष्ट. खांब सोडून चार पावलं मागे आली, बांबू पुन्हा रोवला. शहाण्णव. आणखी दहा पावलं, उजवीकडे. शहाण्णव. डावीकडे. पंचाण्णव.

गाळ काढायच्या यंत्राने गेल्या वर्षी पायऱ्यांपुढे एवढाच खड्डा खणला होता आणि ते निघून गेलं होतं. त्या खड्ड्याच्या तळाशी खांब उभा होता. सत्तर खाली. वर्षभर ती खड्ड्याची खोली वाचत होती, आणि फळ्यावर चकती हिरवी होत होती.

“मिळाला का मासा?” चाकवाल्याची बायको ओरडली.

“मिळाला,” ती म्हणाली. तिचे दात वाजत होते आणि ऊन तर रणरणत होतं.

घरी येऊन तिने चुलीतला कोळसा घेतला आणि मोरीच्या भिंतीवर रेघा ओढल्या. दोन्ही दारं उघडी असली की पाणी दिवसाला दोन उतरतं. दुसरं दार बंद केलं की एक. पाऊस यायला, तिच्या हिशेबाने, आणखी त्र्याण्णव दिवस. पाइपावर पाणी शहाण्णव. आज दार बंद केलं तर पाऊस येईस्तोवर पुरतं. उद्या केलं तरी पुरतं. ती रेघ ओढत गेली. शनिवारी दोन्हीकडे नव्वद. शनिवारपर्यंत बरोबरी. रविवारी पाणी कमी पडत होतं. नाही केलं तर अठ्ठेचाळीस दिवसांनी नळाला हवा येणार होती, आणि त्यापुढे पंचेचाळीस दिवस गावाला प्यायला काही नव्हतं.

कोळशाने काळी झालेली बोटं तिने कपाळावरून फिरवली. त्याच्या पावलांचा आवाज आला.

तो मोरीच्या दारात उभा राहिला. तिचे ओले कपडे बघितले, भिंत बघितली. आकडे त्याला कळत होते. गवंड्याला रेघांची भाषा वेगळी शिकवावी लागत नाही.

“खांबापाशी खड्डा आहे,” ती म्हणाली. “सत्तरचा.”

“बाकी तळ्यात गाळ साचला असेल,” तो म्हणाला. पटकन म्हणाला. जणू वाक्य खिशात घालूनच आला होता. “खांब बरोबर आहे, तळंच वर आलं असेल.”

“एका पावसाळ्यात सत्तर गाळ?”

“येतो कधी कधी.”

“माझ्याकडे बघून सांगा.”

त्याने बघितलं नाही. भिंतीवरच्या शेवटच्या रेघेकडे बघितलं. “शनिवार जाऊ दे,” तो म्हणाला. “तपासणी होऊ दे. पालिकेने मला काम देणं बंद केलं तर हे हात मी कुठे नेऊ? आणि आईची फुलं बघितलीस ना? आज तू दार बंद करायला लावलंस, तर वीस घरं तुझ्या नावाने बोटं मोडतील. पहिली आई.”

“शनिवार गेला की रविवार येतो,” ती म्हणाली. “रविवारी नाही पुरत.”

तो जेवायला बसला. त्याने एक घास तोंडात घातला आणि तो बराच वेळ चावत राहिला. सासूबाई म्हणाल्या, “काय रे, खडा लागला?” तो म्हणाला, “नाही,” आणि पाणी प्याला. पेल्यातलं शेवटचं घोटभर पाणी त्याने टाकलं नाही. पेला तसाच परत माठावर ठेवला. ते तिने बघितलं.

गुरुवारी तिने पट्टी वाचली, एकशे चौसष्ट. कचेरीत कारकुनासमोर उभी राहिली. त्याने तिला पालिकेच्या अध्यक्षांच्या दाराबाहेर बसवलं. दोन तास. पंख्याखाली नव्हे, पंख्याच्या पलीकडे. अध्यक्ष बाहेर आले, घाईत होते, म्हणाले, “सोमवारी या, शांतपणे बोलू.” त्यांच्या हाताला फळ्याचा हिरवा रंग लागला होता.

शुक्रवारी एकशे बासष्ट. आठवी पायरी अर्धी वर आली होती. ती तिसऱ्या पायरीवर वडिलांसारखी उकिडवी बसली. वही मांडीवर. आकडा लिहिला. शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. वर आणि मागच्या पानांवर दोन वर्षांचं निरंक, निरंक, निरंक, तिच्याच अक्षरात, मुंग्यांच्या रांगेसारखं. तिच्या बोटांना त्याची इतकी सवय झाली होती, की पेन आपोआप ‘नि’ काढायला निघालं.

तिने ते उचललं. हलक्या हाताने, कुणी बघत नाही ना असं बघून, एकच शब्द लिहिला.

जपून.

आणि वही मिटली.

*

तपासनीस बाई शनिवारी दहा वाजता आल्या. बुटांवर धूळ, खांद्याला पिशवी, हातात स्वतःची पाण्याची बाटली. त्यांनी फुलं घेतली, बाजूला ठेवली आणि विचारलं, “तळं कुठंय?”

फळा काठावर आणून ठेवला होता. चौथऱ्याची कड अजून ओली होती. नवरा तिथेच बसून थापीने ती कड सारखी करत होता. झालेली कड तो पुन्हा पुन्हा सारखी करत होता. चाकवाला दाराच्या चाकापाशी उभा होता, अध्यक्ष आणि कारकून बाईंच्या दोन बाजूंना. खालच्या मळ्यात सासूबाईंचं पांढरं डोकं वेलांमधून खालीवर होत होतं.

“वही बघू,” बाई म्हणाल्या.

पानं उलटताना त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावरून सरकत गेलं. पान, पान, पान. मग थांबलं.

“इतके दिवस निरंक. आणि काल ‘जपून’. हे कुणी लिहिलं?”

कारकून पुढे झाला. “ते चुकून... या बाई जरा जुन्या पद्धतीच्या. मी खोडून घेतो.”

“तफावतीची वही आहे?”

त्याने ती पिशवीसकट पुढे केली. बाईंनी पिशवी काढली, पहिलं पान उघडलं, शेवटचं उघडलं. “दोन वर्षांत एकही तफावत नाही?”

“एकही नाही,” अध्यक्ष म्हणाले.

“म्हणजे वही कुणी उघडली नाही.” बाईंनी ती मिटली. “अध्यक्षसाहेब, जिथे दोन वर्षं काही चुकत नाही, तिथे मला जास्त वेळ थांबावं लागतं.” मग त्या तिच्याकडे वळल्या. “कशासाठी जपून?”

तिची नजर थापीकडे गेली. थापी चालू होती.

“खांब खड्ड्यात उभा आहे,” ती म्हणाली. “पट्टी एकशे साठ म्हणतेय. पाइपावर पाणी नव्वदच आहे. लाल रेघ कधीच मागे गेली. दुसरं दार आज बंद करायला पाहिजे.”

“गाळ साचला असेल,” अध्यक्ष म्हणाले. “बाकी तळ्यात गाळ साचला असेल. पट्टीचं शून्य पाइपालाच आहे.”

तेच वाक्य. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

“कागद आहे,” कारकून म्हणाला आणि त्याने फाइलमधून तो काढलाही. “हे बघा. ‘पट्टीचे शून्य पिण्याच्या पाइपाच्या तोंडाशी जुळवले आहे. पाहिले.’ सही यांचीच. काय बाई, सही तुमचीच ना?”

“माझीच.”

“मग तेव्हा पाहिलं होतंत की आत्ता पाहताय?”

चाकवाला हसला. हसून झाल्यावर त्याने इकडेतिकडे बघितलं.

“पाहिलं नव्हतं,” ती म्हणाली. “न बघता सही केली.”

“कुणाच्या सांगण्यावरून?” बाईंनी विचारलं. आवाज मऊ होता, आणि त्यामुळेच तो चुकवणं अवघड होतं.

थापी थांबली नाही, पण तिचा सूर बदलला. ती आता नुसती सिमेंटवर घासत होती.

“माझ्याच,” ती म्हणाली.

“झालं तर,” अध्यक्षांनी श्वास सोडला. “तफावत बाईंची. लिहून घ्या. चौकशी लावू. पंधरा दिवसांत ठरवू. तोवर दार चालू राहू दे, लोकांची भाजी उभी आहे.”

“पंधरा दिवस नाहीत,” ती म्हणाली. “पाऊस यायला नव्वद दिवस आहेत, पाणी नव्वद आहे. आज बंद केलं तर पोचतं. उद्या नाही.”

“तुमचा हिशेब.”

“माझाच.”

बाईंनी तळ्याकडे बघितलं, मग खालच्या मळ्यांकडे. “दार बंद करायचा हुकूम मी देऊ शकत नाही,” त्या म्हणाल्या. “तो पालिकेचा. मी लिहू शकते फक्त. पाइपाचं तोंड पाण्याखाली आहे, कुणाला दिसत नाही. जुन्या खांबाचा पाय पाइपाशी होता असं या कागदावर आहे. तो खांब असेल ना कुठेतरी? त्याची उंची आणि पायऱ्या ताडून बघितल्या तर आत्ता कळेल.”

“गोदामात आहे,” ती घाईने म्हणाली. “माझ्या वडिलांचा दगड. तिथे नेऊन ठेवलाय.”

कारकुनाचा चेहरा गोंधळला. “गोदामात? गोदामाची यादी माझ्याकडे आहे. दगड-बिगड काही नाही तिथे.”

“आहे. यांनी नेऊन—”

ती थांबली.

थापीचा आवाज बंद झाला होता. नवरा उठला. उठताना त्याने हात गुडघ्यांवर टेकले. थापी त्याने पाण्याच्या घमेल्यात ठेवली, नीट, दांडा बाहेर राहील अशी. पालिकेचं काम घेताना तो जसा उभा राहायचा तसा, मान थोडी खाली घालून, तो अध्यक्षांसमोर येऊन उभा राहिला.

“शून्य पाइपाला नाही,” तो म्हणाला. “सत्तर खाली आहे. मी बसवलंय, मला माहीत आहे. त्या दिवशी हिने मला विचारलं होतं. मी जुळवलंय म्हटलं. जुळवलं नव्हतं.”

पाटाचा आवाज तेवढा येत होता.

“का?” अध्यक्षांनी विचारलं.

“खड्ड्यात कडक जमीन लागली. वर सगळा चिखल. ढग आले होते. वाटलं, यंत्र परत येईल, सगळं तळं तेवढं खोल होईल, मग बरोबर होईल.” त्याने ओठ आत ओढला. “यंत्र आलं नाही.”

बाईंनी तफावतीची वही उघडली आणि पहिलं पान तळहाताने दाबून सपाट केलं. शिलाई करकरली. त्यांनी पेन अध्यक्षांपुढे धरलं. अध्यक्षांनी फळ्याकडे बघितलं, हिरव्या चकतीकडे, मग खाली वेलांकडे, जिथे त्यांना मत देणारी वीस घरं होती. शेवटी त्यांनी पेन घेतलं, आणि चाकवाल्याकडे न बघताच हाताने फिरवल्याची खूण केली.

चाक गंजलेलं होतं. पहिला वेढा घ्यायला चाकवाल्याला दोन्ही पाय रोवावे लागले.

*

पाटातलं पाणी एकदम जात नाही. आधी त्याचा आवाज गेला. मग काठ ओले राहिले आणि मधून बारीक धार. ती पाटाच्या कडेने खाली चालत गेली, कारण सासूबाईंना आधी तिनेच सांगायला पाहिजे होतं. नवरा मागून येत होता, चार पावलं अंतर ठेवून.

सासूबाई पाटाशी उभ्या होत्या, हातात खुरपं. त्यांनी पाण्याकडे बघितलं, मग दोघांकडे.

“कुणी बंद केलं?”

“मी,” ती म्हणाली.

“मी,” मागून तो म्हणाला.

“एकाने बंद करायचं काम दोघांनी केलंत,” सासूबाई म्हणाल्या. त्या वळल्या, वेलांत शिरल्या आणि उरलेलं पाणी खुरप्याने दोन-दोन मुळांकडे वळवायला लागल्या. एक फूल त्यांच्या पायाखाली आलं, ते त्यांना दिसलं नाही.

ती पाटाच्या काठावर बसली. पाय सुकत चाललेल्या चिखलात. तो थोडा लांब बसला. बोटांच्या भेगांतून रक्त येत होतं, सिमेंट लागून काळं झालेलं.

“पायऱ्यांकडे यायचं टाळत होतात,” ती म्हणाली. “त्या सत्तरासाठी?”

त्याने मान हलवली. धड होयही नाही, धड नाहीही नाही.

“दगड कुठंय?”

धार आणखी बारीक झाली. त्याने एक खडा उचलला, परत ठेवला.

“जुळवणार होतो,” तो म्हणाला. “खरंच जुळवणार होतो. दगडाच्या पायाची खूण धरूनच जुळवायचं होतं. पण काढताना साखळी निसटली आणि तो माझ्या हातून पडला. तुटला. दोन तुकडे झाले. पायाचा तुकडा यंत्राखाली गेला, त्याचा चुरा झाला. वरचा राहिला, तुझ्या वडिलांनी बोटांच्या खुणा कोरलेला. तू पायरीवर उभी होतीस. तिथून खाली बघून तू विचारलंस, जुळवली ना. तेव्हा तो माझ्या पायाशी पडलेला होता, चिखलाआड. मला ‘नाही’ म्हणता आलं नाही. म्हणालो असतो तर तू खाली आली असतीस.”

तिने त्याच्याकडे बघितलं. या वेळी त्याने नजर फिरवली नाही.

“टाकून देववेना. म्हणून मी तो नव्या खांबाच्या पायात घातला. सिमेंटमध्ये, उभा. वर्षभर तू जे रोज वाचतेस ना,” तो म्हणाला, “ते त्याच्यावरच उभं आहे.”